काशाच्या पदकावरची घरधनीण

नाण्यावर कोणाचे चित्र असावे, हे आजवर राजाने ठरवले. म्हणून नाण्यावर राजाच दिसतो. त्याच्या घरात दिवा लावणारी, त्याच्या माघारी वाड्याचा, शेतीवाडीचा आणि देण्याघेण्याचा हिशेब ठेवणारी बाई नाण्यावर क्वचितच आली. अमेरिकेने मात्र काही वर्षांपूर्वी एक निराळीच गोष्ट केली. आपल्या राष्ट्राध्यक्षांच्या बायकांची नाणी आणि पदके तिथल्या सरकारी टांकसाळीने पाडली. २००७ साली सुरू झालेली ही मालिका २०१६ पर्यंत चालली, आणि पुढे २०२० मध्ये बार्बरा बुश यांच्या नाण्याची व पदकाची तीत भर पडली.

वाचक बंधू-भगिनींनो, तुम्ही म्हणाल, अमेरिकेच्या पदकांशी आमचा काय संबंध? आमच्या कपाशीला त्याने बोंडे थोडीच लागणार आहेत! पण या पदकांच्या मागच्या बाजूला जी चित्रे कोरली आहेत, ती पाहिली की आपल्याच घरातल्या कोणाची तरी आठवण होते. म्हणून आज पिकावरची कीड आणि खताची मात्रा थोडी बाजूला ठेवून हा विषय घेतला आहे. शेवटी तो आपल्या सातबाऱ्यापर्यंत कसा येतो, तेही पाहू.

सोने संग्राहकांना, कासे सर्वांना

२००५ सालच्या डिसेंबरात अमेरिकेत एक कायदा झाला. त्याप्रमाणे दिवंगत राष्ट्राध्यक्षांची एक डॉलरची नाणी एकेक करून निघू लागली, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नींची अर्ध्या औंसाची शुद्ध सोन्याची नाणी. अर्धा औंस म्हणजे सुमारे साडेपंधरा ग्रॅम, दीड तोळ्याच्या आसपास. त्यावर किंमत लिहिलेली दहा डॉलर, पण सोन्याच्या भावाने ते कितीतरी महाग. शाळेतल्या पोराने किंवा साध्या शेतकऱ्याने ते विकत घ्यावे कसे? म्हणून त्याच चित्रांची काशाची पदकेही पाडली गेली. ती चलनात चालत नाहीत, त्यांनी बाजार होत नाही. हौसेने जमवावीत, पेटीत जपावीत, मुलांना दाखवावीत, एवढेच त्यांचे काम.

‘काशाची’ म्हटले, तरी इथे एक खुलासा करतो. आपल्या घरातले खरे कासे, ज्याच्या वाटीने आजी तळपाय घासून द्यायची, ते तांबे आणि कथील यांचे असते. तांब्यात जस्त मिसळले की पितळ होते. अमेरिकन टांकसाळ पदकांसाठी ज्याला कासे म्हणते, त्यात दहा भागांतले नऊ भाग तांबे आणि एक भाग जस्त असते. तेव्हा जातीने ते आपल्या पितळेला जवळचे. पण तांबे जास्त असल्याने रंग तांबूस येतो, आणि काही वर्षांनी त्यावर जो गडद साज चढतो तो फार देखणा दिसतो.

काही राष्ट्राध्यक्ष पदावर असताना बिनबायकोचे होते. कोणी विधुर होता, तर एक, जेम्स बुकॅनन, आजन्म अविवाहित. अशा चौघांच्या वेळी पत्नीच्या जागी जुन्या नाण्यांवरची स्वातंत्र्यदेवता घेतली. चेस्टर आर्थर यांची पत्नी ते पदावर येण्याआधीच वारली होती. त्यांच्या वेळी मात्र ॲलिस पॉल या बाईंचे चित्र घेतले. त्यांचा जन्म आर्थर यांच्या कारकिर्दीतला, आणि पुढे स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्या झगडल्या. म्हणजे एका पदकावर कोणाची पत्नी म्हणून नव्हे, तर स्वतःच्या कर्तबगारीवर एक बाई आली.

मागच्या बाजूला काय आहे?

पदकाच्या पुढच्या बाजूला चेहरा असतो. बाईने आयुष्यात काय केले, ते मागच्या बाजूला. पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन. त्यांच्या पत्नी मार्था नवऱ्याच्या कोटाला गुंडी शिवताना दाखवल्या आहेत. मार्गारेट टेलर जखमी शिपायाची शुश्रूषा करताना दिसतात. अबिगेल फिलमोर पुस्तके मांडत आहेत, कारण राष्ट्राध्यक्षांच्या निवासात पहिले ग्रंथालय त्यांनी उभे केले. सेरा पोक नवऱ्याशेजारी बसून कामकाज पाहत आहेत. आयडा मॅकिन्ली आजारी असत, पण बसल्या जागी लोकरीच्या सपाता विणून त्या दान करत. त्यांच्या पदकावर ते विणणारे हात आहेत. ग्रेस कूलिज यांनी बहिऱ्या मुलांना शिकवले होते. त्यांच्या पदकावर खुणांच्या भाषेत अक्षरे दाखवणारे हात आहेत.

गुंडी, पुस्तक, सुई, रोग्याच्या उशाशी बसणे. ही कामे रोज होतात, पण कोणाच्या नोंदवहीत येत नाहीत. ती धातूवर कोरली गेली, हेच या मालिकेचे मोल आहे.

आता शेतकऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी बाई सांगतो. दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांची पत्नी अबिगेल. ॲडम्स स्वातंत्र्याच्या चळवळीत आणि नंतर परदेशी वकिलातीत वर्षानुवर्षे घराबाहेर होते. मॅसॅच्युसेट्समधल्या त्यांच्या शेतीचा सारा कारभार अबिगेल पाहत. मजूर मिळत नव्हते, वस्तूंचे भाव भडकले होते, लढाई जवळ आली होती, घरात मुले लहान. अशात त्यांनी शेत टिकवले, कर भरले आणि पैसा कुठे गुंतवावा याचाही विचार केला. त्या बाबतीत नवऱ्यापेक्षा त्यांचीच अक्कल अधिक चालली असे इतिहासकार सांगतात. १७७६ च्या मार्चमध्ये त्यांनी नवऱ्याला पत्र लिहिले, की नवे कायदे कराल तेव्हा बायकांना विसरू नका. त्यांच्या पदकाच्या मागे त्या हेच पत्र लिहिताना दाखवल्या आहेत.

पण त्या काळच्या तिथल्या कायद्याने विवाहित बाईच्या नावावर मालमत्ता राहत नसे. लग्न झाले की बाईचे जे काही, ते नवऱ्याचे. अबिगेल यांनी जपलेली आणि वाढवलेली शेती कागदावर कधीच त्यांची झाली नाही. त्या मात्र गप्प बसल्या नाहीत. आपल्या हिशेबातल्या पैशाला त्या ‘माझा पैसा’ म्हणत, आणि १८१६ मध्ये त्यांनी चक्क मृत्युपत्र लिहून नाती-पुतण्यांना वाटणी करून दिली. कायद्याने त्याला किंमत नव्हती, पण नवऱ्याने ते मानले. १८१८ मध्ये त्या वारल्या, आणि पदक निघाले २००७ साली. पदकाला १८९ वर्षे लागली; जमीन मात्र नावावर झालीच नाही.

भुईमुगाच्या शेतकऱ्याची बायको

या मालिकेत एक नाव नाही, आणि ते आपल्याला जवळचे वाटेल असे आहे. जिमी कार्टर हे भुईमूग पिकवणारे शेतकरी. जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या लहानशा गावात त्यांची शेती आणि शेंगांचे गोदाम होते. गोदामाचे हिशेब त्यांच्या पत्नी रोझलिन लिहीत. कोणाचे किती पोते आले, कोणाला बियाणे आणि खत उधार दिले, कोणाकडून येणे राहिले, हे सारे त्यांच्या वहीत. धंद्याची खरी स्थिती बायकोलाच माझ्यापेक्षा जास्त कळत असे, हे कार्टर स्वतः मान्य करीत.

१९७८ च्या जानेवारीत हे पती-पत्नी भारतात आले, तेव्हा हरियाणातल्या दौलतपूर नसीराबाद या खेड्यात गेले. गावकऱ्यांनी पुढे गावाचेच नाव कार्टरपुरी ठेवले. पदकांचा कायदा फक्त दिवंगत राष्ट्राध्यक्षांसाठी होता. मालिका चालू होती तेव्हा कार्टर हयात होते, म्हणून रोझलिन यांचे पदक निघाले नाही. रोझलिन २०२३ च्या नोव्हेंबरात वारल्या आणि कार्टर २०२४ च्या डिसेंबरात.

आपल्याकडचा दाखला दोन हजार वर्षांचा

आपल्याकडे राष्ट्रपतींच्या पत्नींची अशी मालिका निघालेली नाही. पण राज्यकर्त्याच्या बायकोचे नाव नाण्यावर घालण्याची गोष्ट आपल्या महाराष्ट्रात दोन हजार वर्षांपूर्वी होऊन गेली आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? सातवाहन राजा पहिला सातकर्णी आणि त्याची राणी नागनिका या दोघांची नावे असलेली चांदीची नाणी मिळाली आहेत. याच राणीचा मोठा शिलालेख जुन्नरजवळच्या नाणेघाटात आहे. त्यात यज्ञ आणि दाने यांची मोजदाद आहे: किती गाई दिल्या, किती हत्ती-घोडे, किती कार्षापण. कार्षापण म्हणजे त्या वेळचे नाणे. राजा गेल्यावर मुले लहान असताना राज्याचा गाडा तिने ओढला, असे जाणकार मानतात. एकट्या बाईने हिशेब सांभाळला आणि तो दगडावर कोरून ठेवला!

पुढे चौथ्या शतकात गुप्त घराण्याच्या सोन्याच्या नाण्यांवर चंद्रगुप्त आणि कुमारदेवी हे राजा-राणी समोरासमोर उभे दिसतात. मोगल काळात जहांगीर बादशहाने आपल्या बेगमेचे, नूरजहानचे, नाव नाण्यांवर घातले. तशी नाणी १६२४ नंतर काही वर्षे पाडली गेली. त्यांतली काही सुरतेच्या टांकसाळीची आहेत. खानदेशचा कापूस आणि कापड ज्या सुरतेच्या वाटेने जात असे, त्याच वाटेवरून ही नाणीही आपल्या बाजारात आली असतील तर नवल नाही.

अहिल्याबाई होळकरांचे उदाहरण आणखी निराळे. चौंडीच्या या मुलीने १७६७ ते १७९५ पर्यंत माळव्याचा कारभार केला. पण त्यांच्या काळच्या नाण्यांवर त्यांनी आपली छबी घातली नाही. शिवलिंग आणि बेलाचे पान घातले. त्यांच्या जन्माला ३०० वर्षे झाली, तेव्हा ३१ मे २०२५ रोजी भोपाळ येथे भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ ३०० रुपयांचे नाणे प्रसिद्ध केले. ज्या बाईने नाण्यावर स्वतः येणे टाळले, तिला देशाने नाण्यावर आणले.

आणि आपल्या जळगाव जिल्ह्याची लेक तर कोणा राष्ट्रपतींची पत्नी झाली नाही, ती स्वतःच राष्ट्रपती झाली. बोदवडजवळच्या नाडगावात १९३४ साली जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील १९६२ मध्ये जळगावातून विधानसभेत गेल्या आणि २५ जुलै २००७ रोजी देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. ज्या वर्षी अमेरिकेने राष्ट्राध्यक्षांच्या बायकांची पदके पाडायला सुरुवात केली, त्याच वर्षी खानदेशच्या मुलीने राष्ट्रपती भवनात पाऊल ठेवले. तेव्हा मोठी चर्चा झाली, की ‘राष्ट्रपती’ हा शब्द बाईला कसा चालेल? शब्द चालला. त्यांचे पती देवीसिंह शेखावत हे राष्ट्रपतींचे यजमान म्हणून पाच वर्षे राहिले. अमेरिकेत अजून असा प्रसंग आलेला नाही. आला, तर तिथल्या टांकसाळीला प्रथमच एखाद्या गृहस्थाचे पदक पाडावे लागेल!

शेतकरी बाईची नाणी

अन्न पिकवणाऱ्या बाईची आठवण टांकसाळींना मुळीच झाली नाही, असे मात्र नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९७० नंतर धान्याची रोमन देवता सेरेस हिच्या नावाने पदकांची मालिका काढली. त्यात जगातल्या नामवंत स्त्रियांचे चेहरे घेतले. आपल्या देशातून इंदिरा गांधी आणि मदर तेरेसा यांची पदके त्यात आहेत.

भारत सरकारनेही त्या काळात शेतीवरची पुष्कळ नाणी काढली. १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षात ‘समानता, विकास, शांती’ या विषयावर, आणि १९८० मध्ये ‘ग्रामीण महिलांची उन्नती’ या विषयावर. १९८० च्या नाण्यांत दहा पैशांचे आणि पंचवीस पैशांचे नाणेही होते. पुढे १९८७ चे एक रुपयाचे नाणे ‘लहान शेतकरी’ आणि १९८८ चे ‘कोरडवाहू शेती’ या विषयांवर निघाले. आपल्या चाळीसगाव तालुक्यात अर्धा अधिक शिवार पावसाच्या भरवशावर. तेव्हा कोरडवाहूचे नाणे तर आपलेच म्हणायला हवे. बायांनो, चहाच्या जुन्या डब्यात, देवघराच्या कोनाड्यात, पोराच्या खाऊच्या गल्ल्यात असे एखादे नाणे पडले असेल. जरूर शोधा. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. बाजारात त्यांचे काही येत नाही, पण ‘ग्रामीण महिलांची उन्नती’ लिहिलेले दहा पैसे आपल्या नातीला दाखवण्यासारखे आहेत.

पेटीतली नाणी जपाल कशी?

आपल्याकडे नाणे नुसते खर्चायचे नसते, ते अंगावर घालायचे असते. पुतळ्यांची माळ ही मूळची व्हेनिस शहराच्या सोन्याच्या नाण्यांवरून आली. व्यापाऱ्यांनी आणलेल्या त्या नाण्यांवर माणसांच्या लहान आकृती होत्या, म्हणून ती ‘पुतळी’. तांड्यांवरच्या बंजारा आयाबहिणींच्या गळ्यात राणीछाप रुपयांचे हार असत. व्हिक्टोरिया राणीचा रुपया १८४० पासून निघाला. त्या रुपयात बारा भागांतले अकरा भाग चांदी असे. १९४० नंतरच्या रुपयात चांदी निम्मी झाली, आणि १९४७ चा रुपया निकेलचा. तो लोहचुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. घरी तपासून पाहायला ही सोपी खूण आहे.

जुने नाणे किंवा पदक घरात असेल तर चार गोष्टी पाळाव्यात.

पहिली, चिंच, राख, लिंबू किंवा पितांबरी लावून ते घासू नये. त्यावरचा गडद साज गेला की नाणे नवे दिसते, पण संग्राहकाच्या लेखी त्याचे मोल उतरते. फार मळले असेल तर साध्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपावे.

दुसरी, त्याला कडी जोडू नये, भोक पाडू नये. एकमेकांवर घासणार नाही असे एकेक नाणे कागदाच्या पुडीत ठेवावे, आणि पुडीवर ते कोणाचे, कुठून आले, कोणत्या साली आले हे लिहावे. ‘आजीच्या लग्नातले’ एवढे लिहिले तरी चालेल. शंभर वर्षांनी त्या नाण्यापेक्षा ती ओळच मोलाची ठरेल.

तिसरी, नांगरताना किंवा विहीर खोदताना पुरलेले नाण्यांचे मडके लागले, तर ते परस्पर सोनाराकडे नेऊ नये. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे भूमिगत धन सापडले की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. लपवले तर हक्कही जातो आणि शिक्षाही होते. कळवले तर सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा वाटा कायद्यात ठरलेला आहे. आणि वितळवलेल्या नाण्याबरोबर आपल्या शिवाराचा इतिहासही वितळतो.

चौथी, ‘जुने पाच रुपये द्या आणि लाखो रुपये घ्या’ असे सांगणारे फोन आणि जाहिराती येतात. आधी नोंदणीचे पैसे भरा, मग कर भरा, असे करत ते लुबाडतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच बजावले आहे, की असल्या व्यवहाराशी बँकेचा काही संबंध नाही आणि ती असे शुल्क घेत नाही. अशांना एक पैसाही देऊ नये.

संग्रह कसा राखावा हे पाहायचे असेल, तर लांब जायला नको. चाळीसगावच्या स्टेशनजवळ कलामहर्षी केकी मूस यांचे कलादालन आहे. १९१२ ते १९८९ असे त्यांचे आयुष्य. त्यातली बहुतेक वर्षे त्यांनी या गावात छायाचित्रे काढण्यात आणि जुन्या कलावस्तू जमवण्यात घालवली. बाजाराला आलात की मुलांना घेऊन एकदा तिथे जा.

आपल्या पदकाच्या मागे काय कोराल?

आता मुद्द्याची गोष्ट. खानदेशातल्या शेतकरणीचे पदक पाडायचे ठरले, तर मागच्या बाजूला काय कोरायचे? सरकी टोचणारे हात? निंदणीची ओळ? भर उन्हात ओटीत कापूस वेचणारी बाई? उन्हाळ्यात ज्वारीच्या बिबड्या घालणारी? गोठ्यातले शेण, धारा, चाऱ्याचा भारा? एका पदकावर मावणार नाही. कपाशीची वेचणी बहुतेक बायकाच करतात. बियाणे निवडून, राख लावून मडक्यात जपण्याचे शहाणपणही पूर्वीपासून त्यांच्याकडेच.

पण या बाईचे नाव कागदावर शोधायला गेलो, की सापडत नाही. मी तीस वर्षे गावोगाव फिरतो. बांधावर उभे राहून पिकाची माहिती विचारली, तर वाण कोणता, पेरा कधी केला, पहिली फवारणी कधी झाली, हे बाई अचूक सांगते. अर्ज भरायला घेतला आणि नाव विचारले, की पदर सावरत म्हणते, ‘‘मनं नाव कसाले, भाऊ? त्यासनं लिखी ल्या.’’ आणि तिचे म्हणणेही खोटे नसते. सातबारा त्याच्या नावावर, म्हणून ठिबकचा अर्ज, पीककर्ज, सोसायटीचे सभासदत्व सारे त्याच्याच नावाने. आता शेतकरी ओळख क्रमांकही सातबाऱ्याशीच जोडलेला आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या एकूण वहितीदारांपैकी स्त्रिया होत्या १३.९६ टक्के. शंभरात चौदाही नाहीत. नवरा अकाली गेला, की त्याच बाईला आपल्याच शेतासाठी कागद घेऊन दारोदार फिरावे लागते. अबिगेलबाईंची गोष्ट अडीचशे वर्षांपूर्वीची आणि सातासमुद्रापलीकडची, असे कोणी म्हणू नये.

मात्र यातून वाट काढणारे पहिले पाऊलही आपल्याच भागात पडले आहे, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. १९८६ च्या नोव्हेंबरात शेजारच्या नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरले. त्यानंतर शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम दिला. शेतकऱ्याने आपल्या हाताने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा, आणि ज्या गावात शंभर जणांनी असे केले ते गाव लक्ष्मीमुक्त. जळगाव जिल्ह्यातले विटनेर हे यात पुढे आलेले गाव. तिथल्या शंभराहून अधिक कुटुंबांनी १९९० च्या सुमारास घरच्या लक्ष्मीला जमीन दिली. उपकार म्हणून नव्हे, देणे फेडायचे म्हणून. संघटनेच्या राजकारणाविषयी कोणाचे काही मत असो. विटनेरच्या माणसांनी केलेले काम कोणत्याही पदकापेक्षा वजनदार आहे.

पुढे १९९२ मध्ये राज्य सरकारनेही लक्ष्मीमुक्ती योजना आणली. पती हयात असताना त्याच्या अर्जावरून पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येते. त्यासाठी खरेदीखत करावे लागत नाही. आपल्या तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे किंवा तहसील कार्यालयात पतीने अर्ज करावा. कागद कोणते लागतात, जमिनीवर सोसायटीचा बोजा असेल तर काय करायचे, हे आधीच विचारून घ्यावे. फेरफार नोंद होते, हरकतीची मुदत जाते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि नाव लागते. नाव लागले की नवा उतारा काढून नीट वाचावा. नावातली एक वेलांटी चुकली तरी पुढे आधारशी जुळत नाही.

घराचेही तसेच. २००३ पासून ‘घर दोघांचे’ मोहीम आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला पतीबरोबर पत्नीचे नाव लावून घेता येते. आणि लेकींचा हक्क तर कायद्यानेच आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, आणि २००५ मध्ये तो साऱ्या देशाला लागू झाला. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी मुलीचा जन्मसिद्ध हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. मग बहिणीकडून भाऊबीजेच्या ओवाळणीत हक्कसोड लिहून घेण्याची घाई कशाला?

काही बाप्ये मला विचारतात, ‘‘साहेब, नाव लावलं आणि उद्या बाई बिघडली तर?’’ मी त्यांना एवढेच विचारतो, की घराच्या किल्ल्या कोणाकडे असतात? पोरे कोणाच्या भरवशावर टाकून तुम्ही मार्केटला मुक्कामाला जाता? जिच्या हाती घर दिले, तिच्या नावे दोन एकर द्यायला भीती कसली? आणि दुसरेही सांगतो. दोघांची नावे असली की जमीन विकताना दोघांच्या सह्या लागतात. रागाच्या किंवा व्यसनाच्या भरात एकट्याने जमीन फुंकून टाकणे अवघड होते. म्हणजे बायकोचे नाव हे जमिनीला घातलेले कुंपणच आहे.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष ‘आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष’ म्हणून जाहीर केले आहे. त्या निमित्ताने सभा होतील, हार-तुरे होतील, एखाद्या भगिनीला पदकही मिळेल. मिळावेच. पण आपल्या घरातल्या बाईचा मान करायला कोणत्या टांकसाळीची वाट पाहण्याची गरज नाही. कारभाऱ्यांनो, येत्या बाजारच्या दिवशी चाळीसगावला याल, तेव्हा बियाण्याच्या पावतीबरोबर आणखी एक काम करा. चालू सातबारा काढा, दोघांची आधार कार्डे बरोबर घ्या आणि अर्ज देऊन या. आणि बायांनो, पुढच्या वेळी कोणी अर्जावर नाव विचारले, तर पदर जरूर सावरा, पण नाव आपलेच सांगा.